कासवाचा कौल

जोतीरामच्या घरी कुणीही येवो, सोयरिकीचा निरोप घेऊन येवो की विजेचं मीटर बघायला येवो, चहा उकळायच्या आत त्याला एक गोष्ट ऐकावीच लागे. "चार पिढ्या झाल्या पावणं, ह्या घरात पोरगी जन्मली न्हाय."

हे सांगताना तो मिशीवरून असा हात फिरवायचा, की चारही पिढ्यांची बाळंतपणं यानेच केली असावीत असं ऐकणाऱ्याला वाटावं. त्याच्या बायकोला सगळा गाव आक्का म्हणायचा. हे वाक्य सुरू झालं, की आक्का उठून आत जायची. पाहुण्यांना वाटे, चहा बघायला गेली.

धाकटी सून पूर्णिमा सुरुवातीला हे ऐकून गालातल्या गालात हसायची. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली पोरगी ती, मुलगा की मुलगी हे कशावर ठरतं ते तिला तोंडपाठ होतं. पण स्वतःला दिवस गेले, पाचवा महिना लागला, आणि ते हसू आटलं. पोटात कोण आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायला कायद्यानेच बंदी होती. पण मुलगी असली तर? तिचे या घरात कोण लाड करणार? नवऱ्याला, यशराजला, तिने एकदा सरळच विचारलं. तो म्हणाला, "बघू की." यशराजचं सगळ्या गोष्टींवर हेच उत्तर असायचं, त्यामुळे त्यात नवीन काही नव्हतं.

राधानगरीच्या अलीकडे ओढ्याकाठी त्यांचं गाव. ऑक्टोबरात, भातं पिकायला आली असताना, जोतीरामने विहिरीजवळ पाइपलाइनसाठी जेसीबी लावला. दुपारी पूर्णिमा भाकरी घेऊन गेली तर जेसीबी एकीकडे आणि त्याचा ड्रायव्हर दुसरीकडे, पार बांधावर उभा. मशीनच्या दातांनी उकरलेल्या मातीत सात पांढरी, लांबुळकी अंडी दिसत होती. ड्रायव्हर म्हणत होता नागाची आहेत. जोतीराम काठी घेऊन आला होता, पण तोही काठीच्या लांबीपेक्षा जवळ जायला तयार नव्हता.

पूर्णिमा खाली वाकली. विहिरीच्या कडेला ऊन खात बसणारं काळं कासव तिने कितीदा पाहिलं होतं. "कासवाची हायत, मामा," ती सासऱ्याला म्हणाली. "कुणी हात लावू नका." पाइप जोडणाऱ्याच्या कानावरची पेन्सिल तिने मागून घेतली आणि प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला एक ठिपका काढला. कोंबडी आपली अंडी दिवसभर उलटीपालटी करते, तिला ते चालतं. कासवाचं अंडं उलटलं तर आतला जीव मरू शकतो. ज्या बाजूवर पडलं, त्याच बाजूवर ते शेवटपर्यंत राहायला हवं. मग तिने वनरक्षक धम्मपालला फोन लावला.

धम्मपाल मोटारसायकलवर आला, पंचनामा झाला, साहेबांशी बोलणं झालं. राधानगरीपर्यंतच्या खड्ड्यांतून अंडी न्यायची म्हणजे ऑम्लेटच करायचं, असं ठरलं. म्हणून वनखात्याने थर्माकोलचं खोकं, ओलसर वाळू, गारठा वाढला की आपोआप लागणारा एक बल्ब आणि एक इलेक्ट्रिक तापमापी, असा सगळा संसार जोतीरामच्याच माजघरात मांडायची परवानगी दिली. धम्मपाल दर आठवड्याला येऊन बघणार आणि रोजची देखरेख पूर्णिमाकडे. लग्न झाल्यापासून तिला तिच्या शिक्षणाचं काम कुणी पहिल्यांदाच सांगितलं होतं. ती अंडी जगवायचीच, असं तिने मनाशी धरलं.

तोपर्यंत सगळं ठीक होतं. घोटाळा चहाने केला.

चहा पिता पिता धम्मपाल जोतीरामला समजावून सांगायला लागला. "या कासवांत नर का मादी हे अंडं घातल्यावर ठरतं, मामा. मधल्या काही आठवड्यांत वाळू गार असली तर बहुतेक नर, उबदार असली तर माद्या. मधलं असलं तर दोन्ही निघतात."

जोतीरामचा कप अर्ध्यात थांबला. "म्हंजे बाप कोण हाय, त्येला कायच किंमत न्हाय?"

"या बाबतीत न्हाय."

"आईला?" दारात उभ्या आक्काने विचारलं.

"तिनं जागा कुठली निवडली, त्येवर हाय."

"सावलीत घातली तर ल्योक आन उन्हात घातली तर लेक," आक्का म्हणाली. धम्मपाल म्हणाला, बरोबर. ते दोघं एकदम खोक्याकडे का बघायला लागले हे त्या बिचाऱ्याला कळलं नाही.

आता आपल्याकडं देवळात शिरलं, की देवाच्या आधी कासवाला हात लावायचा असतो. ते देवाच्या दारातलं कासव पोटुशी सून असलेल्या घरात चालत आलं, तेही एकदम सात, याला जोतीराम योगायोग मानायला तयार नव्हता. ग्रामदैवताला कळ्या लावून कौल घेण्याची त्या गावाची जुनी रीत. उजवी कळी पडली की होय, डावी पडली की नाही. दोनच दिवसांत त्याने पारावर जाहीर केलं, "औंदा कळ्या लावायचं कारणच न्हाय. देवानं कौल घरात पाठवलाय. त्या अंड्यात नर निघालं तर सुनंला मुलगा." शेजारच्या आकारामने मान डोलावली. सायंकाळी त्या खोक्याला हळद-कुंकू लागलं. पूर्णिमाने ते पुसलं, सकाळी परत लागलं. अंडी थर्माकोलमुळे वाचत होती, तर थर्माकोल हळदीने पिवळा होत होता.

पूर्णिमाने सासऱ्याला एकदा शांतपणे बसवून सांगितलं. "मामा, माणसाचं तसं नसतंय. गार-गरम कायबी केलं तरी पोटातलं बदलत न्हाय. ते पहिल्याच दिवशी ठरतंय, आणि तेबी बापाकडनं."

"व्हय की," जोतीराम समजुतीने म्हणाला. "मी कुठं म्हणतोय बदलतंय म्हणून. मी फकस्त कौल म्हणतोय."

पूर्णिमा ओलं फडकं घेऊन पुन्हा खोकं पुसायला गेली.

दिवाळी झाली आणि तापमापीने तिची झोप उडवली. त्या यंत्रात दिवसातलं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी तापमान जपून राहायचं. एकोणतीसच्या आसपास राहायला हवं, तर ते सकाळी बावीसपर्यंत उतरलेलं दिसे आणि संध्याकाळी बघावं तर तेहतीसवर चढलेलं. धम्मपालने एक बल्ब बदलला, मग दुसरा बदलला, मग वायर बदलली. शेवटी डोकं खाजवत म्हणाला, "वहिनी, कोल्हापूर जिल्ह्यात एवढा फरक कुठंच न्हाय. तुमच्या माजघरात वाळवंट हाय का?"

अशी दोलायमान हवा राहिली तर नर-मादी राहू दे बाजूला, अंड्यांतले जीवच राहणार नाहीत, हे त्याने न सांगता तिला कळलं.

मग तिने खोकं नीट न्याहाळलं. बुडाला पाण्याचा गोल डाग होता. झाकणावर राखेचे बारीक कण होते. म्हणजे कुणीतरी वायर काढून खोकं पाण्याच्या रांजणाला नेऊन टेकवत होतं, आणि कुणीतरी चुलीपाशी नेत होतं. नशीब इतकंच, की नेणारा पूजेचं ताट न्यावं तसा अलगद नेत असावा, कारण पेन्सिलीचे ठिपके जागच्या जागी, वरच होते.

कोण कोण, ते तिने मनात ठरवूनही टाकलं. रांजण आक्काच्या ताब्यातला. सासूला नातू हवा, यात विचारायचं काय? आणि चुलीचा उद्योग सासऱ्याचा. त्याची म्हैस गाभण होती आणि तिला रेडीच व्हावी म्हणून त्याने देवाला नारळ कबूल केला होता. सुनेला नर हवा आणि म्हशीला मादी, अशी या घराची सरळ वाटणी होती. एका कौलात दोन्ही कामं उरकायचा त्याचा विचार असणार. पूर्णिमाला दोघांचाही राग आला. सासूचा राग जास्त आला. स्वतः बाई असून तिने गारठ्याची बाजू घ्यावी, हे तिच्या मनाला लागलं.

त्या आठवड्यात ती तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई रजेवर होत्या, म्हणून ती आलेल्या एसटीनेच परत फिरली आणि ऐन दुपारी, घरात कुणाला अपेक्षा नसताना, मागच्या दाराने आत आली.

चुलीपासून हातभर अंतरावर खोकं होतं. चुलीत निखारे होते आणि त्यांच्यापुढे आक्का सुपाने वारा घालत बसली होती. तोंडाने अंड्यांशी बोलणं चालू होतं. "आलीच ऊब, आलीच. त्या म्हाताऱ्यानं पाटंपासनं गारठवलंय बायांनू तुमास्नी."

"आत्या," पूर्णिमा म्हणाली.

आक्काच्या हातचं सूप खाली पडलं. तिने आधी खोक्यावर पदर टाकला, मग तो टाकून काही उपयोग नाही हे कळून काढून घेतला. "तू आज लवकर आलीस," ती म्हणाली.

"तुम्ही गरम करताय?"

"मग काय करू? त्यो पाटं धार काढाय उठला, की खोकं रांजणाला नेऊन लावतोय. म्हणतोय, मर्द गडी गारठ्यातच घडतोय. त्येनं केलेलं गार मी दुपारचं फेडते."

पूर्णिमाच्या डोक्यात मांडलेला सगळा हिशेब उलटा झाला. ती सासूपुढे खाली बसली. "पण तुम्हाला नातू नको?"

"मला नात पायजे," आक्का म्हणाली. तिने हे चुलीकडे बघत म्हटलं आणि मग पूर्णिमाकडे बघून पुन्हा म्हटलं. "तीन ल्योक झालं. एक पुण्याला, एक मिलिट्रीत, एक तुझा. तिघांस्नी मी काय बोलते ते ऐकाय येत न्हाय. मला एक पोरगी पायजे गं. आन मला एक झालती."

"कधी?"

"पैली. यशराजच्या थोरल्या भावाच्याबी आदी. पुसाच्या थंडीत, सातव्या म्हैन्यात. मूठभर हुती. आई माझी न्हवती, म्हणून बाळंतपण हितंच झालं. पाचवी पुजली आन दुसऱ्या दिवशी गेली. तिला ऊब मिळाली न्हाय." आक्काने डोळे पुसले नाहीत, सुपावरची राख तेवढी झटकली. "चार पिढ्या पोरगी जन्मली न्हाय म्हणतोय. मग ती कोण हुती?"

पूर्णिमाने सासूचा हात धरला. इतके दिवस ती उठून चहा बघायला जात नव्हती, हे आता कळलं, आणि कळून तिला रडू आलं. मग रडता रडताच तिला अंड्यांची आठवण झाली. "आत्या, पण अशानं ही मरतील," ती म्हणाली. "तुम्ही तापवताय, ते गारठवताय. त्यांना सोसत न्हाय. नर-मादी कायबी होऊ दे, आधी जगू दे की."

आक्काचा चेहरा पांढरा पडला. ती उठली, स्वतः खोकं उचलून माजघरात जागेवर ठेवलं, वायर जोडली आणि अंगणात जाऊन हाक मारली. आक्काची हाक ओढ्यापलीकडच्या मळ्यात ऐकू जायची. म्हशीला पाणी पाजायला गेलेला जोतीराम म्हशीच्या आधी घरी पोचला.

"खोकं रांजणापाशी कशापायी नेता?"

"कोण? मी?" जोतीराम म्हणाला. "उन्हानं उकडतील म्हणून जरा..."

"पाटंच्याला कसलं ऊन?"

यावर जोतीरामने आढ्याकडे पाहिलं. तिथेही ऊन नव्हतं. मग माणूस पकडला गेला की करतो तेच त्याने केलं, उलट आवाज चढवला. "आन तू चुलीपाशी नेतीस ते? राख दिसतीया मला झाकणावर. कौलात हात घालतीस?"

"तुमी आदी घातलासा."

"ह्या घराची रीत हाय. चार पिढ्या..."

"जन्मलीया," आक्का म्हणाली. "पाच दिवस ह्याच घरात हुती. मी तुमास्नी म्हटलं, शेगडीला कोळसं आणा, चुलीची ऊब आतल्या खोलीत येत न्हाय. तुमी कुस्त्यांच्या मैदानाला गेलासा. आन येताना कोळसं न्हाय आणलासा, फेटा बांधून आलासा."

जोतीरामचा हात मिशीपर्यंत गेला होता, तो तसाच खाली आला. पूर्णिमाला वाटलं आता तो ओरडेल. तो वळून गोठ्यात गेला आणि अंधार पडेपर्यंत आला नाही. म्हैस मात्र अजून रस्त्यात उभी होती, ती यशराजने कामावरून येताना आणली. घरात काय झालं असं त्याने विचारलं, आणि कुणीच सांगेना तेव्हा म्हणाला, "बघू की."

त्या दिवसापासून तापमापी एकोणतीसच्या आसपास ठरली. नवरा-बायको एकमेकांवर डोळा ठेवून होते, त्यामुळे खोक्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. जोतीराम पहाटे धार काढून झाली की माजघरात येऊन नुसता बसायचा. हळद-कुंकू बंद झालं. आणि एक सोयरा येऊन चहा पिऊन, वर पान खाऊन गेला, तरी चार पिढ्यांची गोष्ट निघाली नाही. सोयरा बाहेर पडल्यावर आकारामला विचारत होता, जोतीरामाला बरं नाही काय?

डिसेंबरच्या मध्यावर एका सकाळी वाळू हलली. अंड्याला भेग गेली, त्यातून एक काळं नाक आलं, आणि बराच वेळ विचार करून त्या नाकामागून रुपयापेक्षा थोडं मोठं कासव बाहेर आलं. दुपारपर्यंत सहा झाली. सातवं अंडं तसंच राहिलं. बातमी फुटली आणि अर्धा गाव अंगणात जमला. धम्मपाल आला तोवर आकाराम सगळ्यात पुढे बसला होता.

"बोला सायब," आकाराम म्हणाला. "काय कौल? नर का मादी?"

धम्मपालने एक पिल्लू उचललं, उलटं करून बघितलं आणि परत ठेवलं. "ते आत्ता कळत न्हाय."

"मग कवा?"

"मोठी झाली की. नराची शेपटी जाड असते, पोटाचा भाग खोलगट होतो. त्याला काही वर्षं जातील. आणि आज संध्याकाळी ही ओढ्यात सोडायची हायत."

अंगणात कुजबुज सुरू झाली. इतका मोठा कौल ओढ्यात सोडणार म्हणजे काय, हे लोकांना पचेना. "म्हंजे कुणालाच कळणार न्हाय?" आकारामने विचारलं. धम्मपाल म्हणाला, कासवांना कळेल. लोक कुरकुरत पांगले. कुणीतरी म्हणालं, यापेक्षा कळ्या बऱ्या.

जोतीराम मात्र खोक्यापाशीच उकिडवा बसून होता. न फुटलेल्या अंड्याकडे बोट करून त्याने हळूच विचारलं, "हे माज्यामुळं गेलं का?"

"सांगता येत न्हाय, मामा. सात अंड्यांत एखादं जातंच," धम्मपाल म्हणाला. जोतीरामने मान हलवली. ते अंडं त्याने स्वतः घरामागच्या परड्यात नेऊन पुरलं.

पुढच्या आठवड्यात पूर्णिमाचं डोहाळजेवण झालं. ओटी भरली, पंगती उठल्या, आणि तिला माहेरी न्यायला तिचे वडील हंबीरराव शाहूवाडीहून जीप घेऊन आले. पूर्णिमा सगळ्यांच्या पाया पडत होती, पण मन जाग्यावर नव्हतं. कासवं ओढ्यात गेली, ती जगली, ते झालं. पण जे विचारायचं होतं ते तसंच राहिलं होतं. शेवटी जोतीरामच्या पाया पडून उठताना तिने विचारूनच टाकलं. "मामा, कौल तर लागला न्हाय. आता तुमीच सांगा. मुलगी झाली तर?"

जोतीराम पांढराशुभ्र सदरा घालून उभा होता. तो गोठ्यात गेला आणि तिथून पाठीवर एक भरलेलं पोतं घेऊन आला. ते त्याने जीपच्या मागच्या सीटवर, आहेराच्या साड्यांच्या शेजारी आदळलं. काळी धूळ उडाली.

"पावणं, ह्यो काय प्रकार?" हंबीरराव म्हणाले.

"कोळसा. शेगडीला. तुमच्याकडं डोंगरात थंडी जास्त."

"आमच्यात कोळसा मिळत न्हाय असं वाटलं व्हय तुमास्नी?" हंबीररावांचा अपमान झाला होता आणि तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

"मिळत असंल. पण ह्यो न्या," जोतीराम म्हणाला. मग पूर्णिमाकडे वळला. "मला नातू पायजे हुता, खोटं कशाला बोलू. पण कोण येतंय ते येऊ दे. त्येला गारठ्यात ठेवायचं न्हाय. एवढंच सांगतो."

आक्का दारात उभी होती. ती पायरी उतरून आली, जीपपाशी गेली, पोत्याचं तोंड सोडून तिने आत हात घातला. "ओला हाय," ती म्हणाली. "खालचा सगळा ओला हाय. धूर करंल. लेकराच्या डोळ्यात जाईल."

जोतीरामने पोतं परत खाली घेतलं आणि अंगणात उपडं केलं. पांढऱ्या सदऱ्यासकट तो त्या ढिगापुढे बसला आणि ओले तुकडे वेगळे काढायला लागला. हंबीरराव घड्याळ बघत होते, शेजारीपाजारी बघत होते, त्याला त्याचं काही नव्हतं. थोड्या वेळाने तो मान वर न करता म्हणाला, "तवाच आणाय पायजे हुता."

"व्हय," आक्का म्हणाली. "पायजे हुता."

तिने नवं लुगडं गुडघ्यात आवरून घेतलं आणि त्याच्या शेजारी बसून तीही सुका कोळसा निवडायला लागली.